मागचं झाकण उघडून दाखवा

महागड्या, देखण्या साऊंड सिस्टीमची मोहिनी पिढ्यान्‌पिढ्या टिकते असं सांगणारी माणसं मला पूर्वी नागपूरच्या लग्नांत भेटायची. आता ती आमच्या अड्याळच्या बसस्टँडवरही भेटतात. मी त्यांना एकच विचारतो : बिघडली तर उघडणार कोण? लाख-दोन लाखांची वस्तू घेताना त्यांनी रंग विचारलेला असतो, दिवाणखान्याच्या भिंतीला शोभेल का विचारलेलं असतं, मोबाईल जोडता येतो का हेही विचारलेलं असतं. हा प्रश्न मात्र दुकानात कुणाच्या तोंडून निघालेला नसतो. दुकानदार तर तो काढणारच नाही, कारण त्याचं खरं उत्तर त्याच्या धंद्याच्या मुळावर येतं.

माझं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगतो. या ब्रँडांची मोहिनी टिकाऊ नाही. त्यांतल्या ज्या थोड्यांची टिकली, ती त्यांच्या रूपावर टिकलेली नाही. पाठीमागचे चार स्क्रू काढून कुणीतरी आत हात घालू शकत होतं, म्हणून ती टिकली. आणि ज्या कंपन्यांनी हा रस्ता समजून-उमजून बुजवला, त्या सौंदर्याच्या नावाखाली गिऱ्हाइकाला लुबाडतात. लुबाडणं हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. पूर्ण किंमत घेऊन वस्तूची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

मी हे अड्याळात बसून लिहितो. भंडारा-पवनी रस्त्यावरचं हे गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जूनमध्ये पहिल्या वादळासोबत विजा कोसळतात. रोवणीच्या दिवसांत मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं, पंप बंद झाले की एकदम उसळतं. पुढचे चार महिने हवा इतकी दमट की कपाटातली पुस्तकंसुद्धा फुगतात. यंत्राची परीक्षा वातानुकूलित शोरूममध्ये होत नसते, ती इथे होते. इथे दहा उन्हाळे आणि दहा पावसाळे काढणारं यंत्र जगात कुठेही टिकेल. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र अड्याळ कधीच नसतं. अड्याळच्या माणसाचा पैसा तेवढा त्यांना चालतो, कारण नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरूला गेलेली आमची पोरं तो पैसा घेऊन त्यांच्या दारात उभी असतात.

माझ्या वडिलांचं गावात रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, त्यामुळे यंत्राचं पोट मी लहानपणीच पाहिलं. त्या काळी गावातल्या बऱ्या घरांत मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ असे. पॉलिश केलेलं लाकडी खोकं, पुढे सोनेरी धाग्याची जाळी, स्टेशन बरोबर लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा. ती वस्तू देखणी होती आणि देखणी म्हणूनच विकली जायची. मर्फीच्या कॅलेंडरवरचं गोड बाळ आमच्या आजीच्या पिढीला देवादिकांच्या तसबिरींइतकं ओळखीचं होतं. तेव्हा मी देखणेपणाचा शत्रू आहे अशी समजूत कुणी करून घेऊ नये. पण त्या रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की आत कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसतो याचा नकाशा चिकटवलेला असे. बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्यासाठी ठेवलेली ती चिठ्ठी होती. आपण बनवलेली वस्तू कधीतरी बिघडेल, ती एखाद्या आडगावच्या मिस्त्रीच्या हातात पडेल आणि त्या मिस्त्रीला मदत करणं आपलं काम आहे, एवढी समज त्या कंपनीला होती.

मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. तो बंद पडून कित्येक दशकं उलटली. आमच्या घरातला मर्फी मात्र लागतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ रोजी. त्या केंद्राचे ५८५ किलोहर्ट्झवरचे कार्यक्रम या रेडिओने आमच्या तीन पिढ्यांना ऐकवले. मधल्या काळात त्याचे कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, जाळीचं कापड बदललं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये साठच्या दशकापासून व्हॉल्व्ह बनायचे. ते थांबले तरी ईएल-८४ सारखा आवाजाचा व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया आणि रशियात तयार होतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. कंपनी मेली आणि वस्तू जगली. आज नेमकं याच्या उलट चाललं आहे : कंपनी धडधाकट असते, जाहिराती जोरात असतात, आणि तिचं सात वर्षांपूर्वीचं यंत्र कचऱ्यात गेलेलं असतं.

देखण्या यंत्रांच्या बाजूने बोलणारे हमखास डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनचं नाव घेतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. स्ट्रूअर नावाच्या छोट्या गावात १९२५ साली पीटर बँग आणि स्वेंड ओलुफसेन यांनी ही कंपनी काढली. याकोब येन्सेन या डिझायनरने तिच्यासाठी केलेला बिओग्राम ४००० हा रेकॉर्ड प्लेअर १९७२ साली आला. त्याची सुई धरणारी दांडी नेहमीच्या प्लेअरसारखी वळत नाही, ती सरळ रेषेत रेकॉर्डच्या मध्याकडे सरकते. शेजारची दुसरी दांडी प्रकाशाच्या साहाय्याने तबकडी आहे की नाही आणि केवढी आहे हे ताडते. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या कंपनीच्या यंत्रांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. देखणेपणाची याहून मोठी पावती मिळत नाही.

आता पुढचं पाहा. २०२० मध्ये कंपनीला ९५ वर्षं झाली, तेव्हा तिने जुने ९५ बिओग्राम गोळा केले, स्ट्रूअरच्या कारखान्यात ते सुटे करून झिजलेले भाग बदलले, नवी लाकडी चौकट बसवली आणि सुमारे दहा हजार युरोंना एक याप्रमाणे विकायला काढले. कंपनीने ही गोष्ट कालातीत डिझाईनचा पुरावा म्हणून मिरवली. मला हा पुरावा मान्य आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा. जवळपास पन्नास वर्षांचं यंत्र पुन्हा उभं राहिलं कारण त्यात मोटर होती, पट्टा होता, दिवा होता, माणसाला वाचता येईल असं सर्किट होतं. सुटं होऊ शकत होतं म्हणून ते परत जुळलं. आज शोरूममध्ये ठेवलेले वायफायवर चालणारे गोंडस गोळे आणि चकत्या २०७० साली कोण, कुठून आणि कसे जिवंत करणार आहे? त्यांचा प्राण कुठल्याशा सर्व्हरवर असतो, आणि तो सर्व्हर बंद करायचा अधिकार विकत घेणाऱ्याकडे नसतो.

बँग अँड ओलुफसेनबद्दल एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायलाच हवी. २०२१ मध्ये तिने बिओसाऊंड लेव्हल हा स्पीकर काढला. त्याची बॅटरी घरच्या घरी बदलता येते आणि संगणकाचा भाग वेगळा काढून नवा बसवता येईल अशी रचना केलेली आहे. म्हणजे हे जमतं. बाकीच्या कंपन्या तांत्रिक अडचणींचं रडगाणं गातात तेव्हा त्यांना हे उदाहरण तोंडावर फेकून मारावं.

आणि अडचणींचा पाढा वाचणारे कोण आहेत ते तरी बघा. अमेरिकेच्या सोनोस कंपनीने २०१९ मध्ये जुन्या गिऱ्हाइकांना नव्या खरेदीवर ३० टक्के सूट देऊ केली. अट काय, तर जुना स्पीकर ‘रिसायकल’ अवस्थेत टाकायचा. तसं केलं की २१ दिवसांनी तो कायमचा निकामी होणार. चालू, गाणारं यंत्र मालकाच्याच हाताने ठार मारून घ्यायची ही योजना होती, आणि तिला पर्यावरणरक्षणाचा टिळा लावला होता. पाठोपाठ जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की काही जुन्या यंत्रांना मे महिन्यानंतर नवं सॉफ्टवेअर मिळणार नाही. गिऱ्हाइकं खवळली, कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली, तो रिसायकलचा प्रकारही मागे घ्यावा लागला. धडा मात्र कुणी घेतला नाही. मे २०२४ मध्ये याच कंपनीने मोबाईलवरचं ॲप बदललं आणि हजारो रुपये मोजून घेतलेल्या स्पीकरांच्या रोजच्या सोयी एका रात्रीत गायब केल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांना खुर्ची सोडावी लागली. स्पीकरचा पडदा शाबूत, कॉईल शाबूत, लोहचुंबक शाबूत, आणि तरी यंत्र लंगडं! वडिलांच्या दुकानात असला रोग कधी आलाच नव्हता.

बोस कंपनीची गोष्ट मला अधिक लागते. अमर बोस यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले. मुलाने १९६४ साली बोस्टनजवळ कंपनी काढली तेव्हा आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसाला तिचा अभिमान वाटला, अजून वाटतो. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की साऊंडटच या मालिकेची इंटरनेटवरची सेवा २०२६ मध्ये बंद होणार. तारेने किंवा ब्लूटूथने ते स्पीकर वाजतील, पण ज्या सोयीच्या जोरावर ते विकले ती सोय संपली. संस्थापकाच्या नावाला आणि संशोधनाला मान देणाऱ्या गिऱ्हाइकाशी असं वागणं मला अक्षम्य वाटतं.

आता ज्या ‘वारशा’चे गोडवे गायले जातात त्याची बाजारातली गत ऐका. बोवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मॅरान्झ ही जुनी, मानाची नावं. डेनॉनची मुळं तर १९१० पर्यंत जातात. २०२२ मध्ये ती सगळी एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने, मॅसिमोने, सुमारे शंभर कोटी डॉलरना विकत घेतली. तीन वर्षांत त्याच पेटाऱ्याची किंमत ३५ कोटी डॉलर झाली आणि तो हार्मनकडे गेला. हार्मनची मालकी २०१७ पासून सॅमसंगकडे आहे. मॅकइंटॉश नोव्हेंबर २०२४ मध्ये बोसकडे गेली. कॅसेट डेकमधला बादशहा म्हणावा असा ‘ड्रॅगन’ १९८२ साली काढणारी नाकामिची २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि आता तिचं नाव स्वस्त साऊंडबारांवर चिकटवलेलं दिसतं. नाव म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याने लावायचा बिल्ला, एवढंच उरलं आहे.

हे समजायला आपल्याला जपानला जायची गरजसुद्धा नाही. सान्सुई ही एके काळी अस्सल जपानी ॲम्प्लिफायरांची कंपनी. तिचं काळं, भारदस्त यंत्र ज्याने ऐकलं तो आजही हळवा होतो. आमच्या भागात मात्र सान्सुई हे नाव लोकांना माहीत झालं ते औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने विकलेल्या टीव्हीवरून. त्या टीव्हीचा त्या ॲम्प्लिफायरशी अक्षरांपलीकडे संबंध नव्हता. पुढे २०१८ मध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेली आणि सान्सुई हे नाव आणखी तिसऱ्याच्या मालावर चढलं. आणि इकडे काही लोक ब्रँडवर श्रद्धा ठेवून पैसे साठवतात!

मला कुणी कृपा करून असं सांगू नये की महाग वस्तू शेवटी महागच असते, ती जपावी लागते. जपण्याला काय लागतं हे मला ठाऊक आहे. यंत्रातला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर उष्णतेने आतून वाळतो. दर दहा अंशांनी तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा त्या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. आमच्या मे महिन्यात, बंदिस्त आणि हवा न खेळणाऱ्या सुबक डब्यात, त्याचं काय होत असेल याचा हिशेब करा. स्पीकरच्या पडद्याची कड फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची किंवा कापडाची असेल तर ती कितीतरी अधिक टिकते. दोन्ही दुखणी माणसाच्या हाताने बरी होणारी आहेत. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो, कड चिकटवून बसवता येते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्याला पोचा पडला तर कासार तो ठोकून काढतो आणि कल्हई लावली की भांडं पुन्हा चुलीवर चढतं, तसंच हे आहे. पण त्यासाठी डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडू नये अशी व्यवस्था केलेली असते. स्क्रूऐवजी गोंद, सुट्या भागांऐवजी एकच अखंड बोर्ड, आणि बोर्डवरच्या आयसीचे नंबर खरडून टाकलेले.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पुण्याच्या भाच्याने अशीच एक परदेशी, अत्यंत सुबक सिस्टीम घरच्यांसाठी अड्याळला पाठवली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझं भांडण एकट्या तिच्याशी नाही. आवाज सुंदर होता, हे मान्य करतो; त्या स्पीकरवर किशोरीताईंचा तानपुरा ऐकताना जव्हारी कानाला लागायची. मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि ती सिस्टीम बंद पडली. नागपूरच्या अधिकृत सेवा केंद्राने सांगितलं की हा बोर्ड आता येत नाही, नवीन घ्या, जुन्यावर काही टक्के सूट देतो. मी ती गावातल्या मिस्त्रीकडे नेली. आमच्याच दुकानात शिकलेला माणूस, पंधरा गावांत त्याच्या हाताला नाव आहे. त्याने गोंद कापून डबा उघडला, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, काम दहा मिनिटांचं आहे गा. पन ह्या आयसीचा नंबरच खरडून ठेवला यायनं. मी का बसवू आता याच्यात?” वीज पडणं हा निसर्ग. नंबर खरडणं हा माणसाचा निर्णय. कुठल्यातरी बैठकीत, पगारी माणसांनी, अड्याळच्या मिस्त्रीला हे दुरुस्त करता येऊ नये असं ठरवलं होतं.

यावर शहाणी माणसं म्हणतात, श्रीमंतांची हौस आहे, त्यांचे पैसे आहेत, तुमचं पोट का दुखतं? दुखतं, कारण वरचा जे करतो त्याची नक्कल खाली उतरते. आज भंडाऱ्याच्या बाजारात चार-पाच हजारांना मिळणारे निळ्या दिव्यांचे, चकचकीत काळ्या प्लास्टिकचे टॉवर पाहा. रूप त्या महाग यंत्रांचं घेतलं, बंदिस्तपणाही त्यांचाच घेतला. वर्षभरात भाग जळतो आणि तो टॉवर गोठ्यामागे पडतो. मोलमजुरी करणाऱ्या माणसाचे चार-पाच हजार त्या गोठ्यामागे पडलेले असतात. लाखांचं यंत्र निकामी झाल्याने कुणी उपाशी राहत नाही, पण उघडू न देण्याची ही रीत त्याच लाखांच्या यंत्रांनी प्रतिष्ठेची केली. ती प्रतिष्ठा आधी मोडली पाहिजे.

दुसरा आक्षेप जरा विचार करण्यासारखा आहे : सौंदर्याची किंमत असते, सगळंच उपयोगावर मोजू नका. मी तर म्हणतो की सौंदर्याची बाजू मीच घेतो आहे. जर्मनीच्या ब्राऊन कंपनीसाठी हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी १९५६ मध्ये एसके-४ हा रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर केला. त्यावर आधी पत्र्याचं झाकण योजलं होतं; ते आवाजाने थरथरायला लागलं, म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण आलं. पुढे अनेक वर्षं साऱ्या जगाच्या रेकॉर्ड प्लेअरवर तेच पारदर्शक झाकण राहिलं. ते रूप आवाजाच्या अडचणीतून जन्मलं होतं, म्हणून ते खरं होतं. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा एलपी-१२ हा प्लेअर १९७३ पासून आजपर्यंत बनतो आहे. पहिल्या वर्षांत घेतलेल्या प्लेअरलाही आजचे नवे भाग बसतात. आयफोनचं रूप घडवणाऱ्या जॉनी आइव्ह यांना २०२३ मध्ये त्याची पन्नाशीची आवृत्ती करायला दिली, तेव्हा त्यांनीसुद्धा मूळ रचनेला फारसा धक्का लावला नाही. ज्याला चिरंतन मोहिनी म्हणायचं ती ही. महाग आहे, देखणी आहे, आणि मालकाची आहे.

आपल्या देशातही असं काम झालं आहे, पण त्याचं कौतुक करायला आपली जीभ उचलत नाही. कोलकात्यात सोनोडाईन १९७० पासून आहे. कोच्चीत रेदम नावाने स्पीकर घडतात. आपल्या पुण्यात केडन्स नावाने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनले आणि परदेशी ऐकणाऱ्यांनी ते वाखाणले. बनवणारा आपल्याच देशात असतो तेव्हा त्याला दारात जाऊन जाब विचारता येतो. मराठी घरातला एखादा लाखभर रुपये खर्चायला निघतो तेव्हा ही नावं त्याच्या यादीत नसतात, कारण पाहुण्याला ती ओळखू येत नाहीत. मग तो पैसा आवाजासाठी खर्च होत नव्हता, पाहुण्यासाठी होत होता, हे त्याने निदान स्वतःशी तरी मान्य करावं.

आम्हा झाडीपट्टीच्या माणसांना आवाजाचं काही कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दिवाळी ते होळीच्या हंगामात इकडे यावं. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली पालथे घालतात. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्री नाटक. दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. उघड्या मैदानात हजारो माणसं कानात प्राण आणून बसतात. रंगमंचावर वरून माईक लोंबकळत असतात, आणि कोणत्या वाक्याला त्यांच्याखाली किती वेळ राहायचं हे मुरलेल्या नटाच्या अंगात भिनलेलं असतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. त्या मैदानात वाजणारी यंत्रं बहुतेकदा दिल्लीच्या आहुजाची असतात. आहुजाच्या ॲम्प्लिफायरला कुणी संग्रहालयात ठेवणार नाही. त्याचा सूर दिवाणखान्यात बसून मारवा ऐकण्याजोगा नाजूक नाही, आणि तो तसा आहे असा माझा दावाही नाही. पण पहाटे तीनला, दवाने भिजलेल्या मैदानात तो बंद पडला तर साऊंडवाला झाकण काढतो, बॅटरीच्या उजेडात ट्रान्झिस्टर बदलतो आणि तिसरा अंक सुरू होतो. १९४० सालची ही कंपनी खेड्यापाड्यांत आजही मानाने उभी आहे ती या एका गुणावर. विकत घेणाऱ्याला तिची जाहिरात आठवत नाही, तिचा सुटा भाग कुठे मिळतो हे तोंडपाठ असतं.

एवढा साधा गुण नाजूक सुराच्या यंत्रात आणता येत नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. लिनने आणला आहे. जुन्या बँग अँड ओलुफसेनमध्ये तो होता. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींकडे चावीचे ग्रामोफोन आहेत. त्यांना वीज लागत नाही, परवानगी लागत नाही, पासवर्ड लागत नाही. स्प्रिंग भरली की बालगंधर्व गातात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने विकत घेतलेली वस्तू त्याच्या पणतवाच्या हातात पूर्णपणे त्याची आहे. आपण आज विकत घेतलेली वस्तू आपल्याच हातात आपली नाही. हा अपमान आहे, आणि तो आपण पैसे मोजून करून घेतो.

म्हणून माझी मागणी नीट ऐका. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण तिच्या खोक्यावर छापण्याची शिफारस करणाऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असे गुण जानेवारी २०२१ पासून छापले जातात. आपल्या समितीने सुरुवात मोबाईल आणि टॅब्लेटपासून करायला सांगितलं आहे. गाणं ऐकवणारी यंत्रं त्या पहिल्या यादीत नाहीत. ती आली पाहिजेत, आणि सर्वांत महाग यंत्रं सर्वांत आधी आली पाहिजेत. सर्किटचा नकाशा द्या, आयसीचे नंबर खरडू नका, निदान पंधरा वर्षं सुटे भाग ठेवा, आणि सर्व्हर बंद करायचा असेल तर त्याआधी यंत्र सर्व्हरवाचून पूर्ण चालेल अशी सोय करून द्या.

आणि सरकारची वाट पाहत बसू नका. येत्या दिवाळीत नागपूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या कुठल्याही चकचकीत शोरूममध्ये गेलात तर गाणं ऐकण्याआधी विक्रेत्याला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लेटरहेडवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर पडा. आधीच फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तक्रार मराठीतही करता येते.